येऊन राहिलो

नागपुरात परत येऊन दोन महिने होत आले, तरी कॉलनीतल्या बायकांचं विचारणं थांबलेलं नाही. भाजीच्या ठेल्यापाशी, गिरणीत, दाताच्या डॉक्टरकडे, भेटेल तिथं एकच प्रश्न, "पोराचं घर कसं आहे वं?" मी सांगते, मोठं आहे, समोर हिरवळ आहे, मागे लिंबाचं झाड आहे, स्वयंपाकघरात उजेड भरपूर येतो, आणि आमची खोली वेगळी होती. शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं आहे. फक्त हे सगळं मी फोनच्या पडद्यावर पाहिलेलं आहे. तीन विमानं बदलून मी न्यूझीलंडला गेले, एकोणीस दिवस मुलाबरोबर राहिले आणि त्याच्या घराचा उंबरठा न ओलांडता परत आले. हे कॉलनीत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

माझी सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर गेली. आलेल्या कागदावर आल्याची तारीख, गेलेल्यावर गेल्याची. त्या टेबलावर पस्तीस वर्षं बसलं की माणूस कागदाचा मजकूर वाचत नाही, आधी तारखा वाचतो. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. एकुलता एक मुलगा नऊ वर्षांपूर्वी तिकडे गेला, चार वर्षांपूर्वी साताऱ्याच्या मुलीशी लग्न केलं, ती त्याला तिकडेच भेटली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घर घेतलं. घर घेतल्यापासून मला एकाच गोष्टीची आस लागली होती. त्यानं एकदा, आपल्या तोंडानं, "आई, राहा" म्हणावं. राहायचं आहे कुणाला? मी नाहीच म्हटलं असतं. पण आपल्याकडे पानात नको नको म्हणताना एक पोळी पडते, तेव्हाच जेवल्यासारखं वाटतं. मला ती पोळी हवी होती.

व्हिसा आला त्या दिवशी मी घरच्या ग्रुपवर आवाज पाठवला. आनंदाच्या भरात माझा आवाज चढलेला होता. "इथलं सगळं सोडून तुमच्याकडे येऊन राहिलो आता!" मुलानं लगेच अंगठा पाठवला. सुनेकडून दोन दिवस काहीच नाही, मग एक हसरा चेहरा. मी यांना म्हटलं, "पाहा, दोन दिवस लागले तिले हसायले." हे म्हणाले, "तिथं रात्र असंल." दोन दिवस सलग कुठं रात्र असते, ते गणिताच्या मास्तरांनाच माहीत.

विमानतळावर दोघं घ्यायला आले होते. मी उमरेडला मुद्दाम विणून घेतलेल्या दोन सुती चादरी हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या. माझे वडील तिथं हातमागावर बसायचे, आता तिथं विणणारे थोडेच उरले आहेत, त्यातल्या एकाला गाठून त्या करून घेतल्या होत्या. मुलाच्या घरच्या पलंगावर पहिल्या दिवशी मी माझ्या हातानं त्या घालणार होते. बाहेर आलो तर मुलगा म्हणाला, "आई, सरप्राइज!" आणि आम्हांला घेऊन गेला तो थेट एका मोठ्या आवारात. तिथं पांढऱ्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. त्यातल्या एका गाडीत आमच्या बॅगा चढल्या.

"घरी नाही जायचं?" मी विचारलं.

"आधी फिरून घेऊ ना आई. घर शेवटी पाहू. घर काय पळून जाऊन राहिलं?"

ही कॅम्परव्हॅन. म्हणजे चाकांवरची खोली. गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, हातभर सिंक, कपाटाएवढा संडास. दिवसा जेवायचं टेबल असतं, संध्याकाळी ते खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या की आमचा दोघांचा पलंग होतो. मुलगा-सून समोर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर झोपायचे. मधे एक पडदा. यांचे गुडघे गेलेले. व्हॅनच्या दोन पायऱ्या चढता-उतरताना दर वेळी कुणीतरी हात द्यावा लागे. पहिल्याच दिवशी मी वरणाला फोडणी दिली आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा कोकलायला लागला, की शेजारच्या गाडीतले गोरे म्हातारा-म्हातारी बाहेर धावत आले. त्यानंतरचे सगळे दिवस आम्ही बिनफोडणीचं वरण खाल्लं.

देश सुंदर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. डोंगर, तळी, मेंढरं, सगळं धुऊन वाळत घातल्यासारखं. आमचे हे तर खुर्ची टाकून तळ्याकाठी बसले की उठायचं नाव काढत नसत. "आपल्या रामटेकच्या खिंडसीपेक्षा जरा मोठं आहे," एवढीच त्यांची दाद. त्यांना काही हवं आहे, असं त्यांच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून ऐकलेलं नाही. म्हणून त्यांना काही नको असतं, असं मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी फ्रीजवर चिकटवलेला व्हॅनचा कागद माझ्या नजरेस पडला. मजकूर इंग्रजीत होता, पण तारखांना भाषा लागत नाही. गाडी घेतल्याची तारीख म्हणजे आम्ही उतरलो तो दिवस. गाडी परत करायची तारीख म्हणजे आमचं परतीचं विमान ज्या दिवशी होतं, तो दिवस. मध्ये एक दिवस मोकळा नाही. आवक आणि जावक, दोन्ही शिक्के एकाच ठिकाणी मारून ठेवलेले. मग माझ्या लक्षात आलं, घर 'शेवटी' पाहायचं होतं, पण शेवट कागदावर नव्हताच.

मी सगळं खापर सुनेच्या डोक्यावर फोडलं. मनातल्या मनात, अर्थात. तिनं कपाटावर चिठ्ठी लावली होती, 'आई-बाबा', दुसऱ्या कपाटावर 'आम्ही'. त्यावरून मी धुमसले. ती माझ्या हातची भाजी खाऊन "छान झालीय" म्हणाली की मला वाटायचं, हिला सोंग छान जमतं. संध्याकाळी टेबल पाडताना मी यांना कानात म्हणायचे, "घरात घ्यायचं नव्हतं म्हणून चाकांवर ठेवलं आपल्याले. हे तिचं डोकं." हे म्हणायचे, "आपलेच दात, आपलेच ओठ. झोप आता." मग मीच माझ्या चादरी टेबलाच्या पलंगावर पसरल्या. नाही तर त्या पिशवीतच गेल्या असत्या.

शेवटचा दिवस उजाडला. शहराबाहेरच्या एका मोठ्या तळावर आमची गाडी उभी होती. दहा वाजेपर्यंत ती परत करायची, एकच्या आत विमानतळावर पोचायचं. मुलगा पाण्याच्या टाक्या रिकाम्या करायला खालच्या अंगाला गेला होता, हे खुर्च्या पुसून घडी घालत होते, आणि सून आणि मी आत भांडी घासत होतो. सिंकशेजारच्या भाजी चिरायच्या पांढऱ्या फळीवर माझ्या हळदीचा डाग पडला होता. सुनेनं साबण लावून घासला आणि डाग एकदम लालभडक झाला. ती घाबरली.

"आई, हे काय झालं?"

"हळदीले साबण लावला की ती लाल होते. घासू नको. उन्हात ठेव, आपोआप उडते."

तिनं फळी उचलली, खिडकीत उन्हाला टेकवून ठेवली. मग स्पंज हातात तसाच धरून ती उभी राहिली.

"आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"नागपूरच्या घराचं काय केलंत?"

"काय करणार? कुलूप लावलं. शेजारीण झाडांना पाणी घालते."

"म्हणजे विकलं नाही?"

"विकायले काय झालं?"

तिनं स्पंज खाली ठेवला. "परवा बाबांनी मला वेब चेक-इन करायला सांगितलं. तेव्हा मला कळलं, तुमचं परतीचं तिकीट आहे ते. मी तर धरून चालले होते की तुम्ही कायमचं राहायला आलाय."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच." तिनं फोन काढला, ग्रुप वरवर सरकवत नेला आणि बटण दाबलं. त्या चिमुकल्या गाडीत माझाच चढलेला आवाज घुमला. इथलं सगळं सोडून तुमच्याकडे येऊन राहिलो आता!

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग मी जी हसत सुटले, ती टेबलावरच बसले. साताऱ्यात 'येऊन राहिलो' म्हणजे आलो आणि मुक्काम ठोकला. आमच्या नागपुरात 'येऊन राहिलो' म्हणजे नुसतं 'येतोय'. आम्ही जेवून राहतो, झोपून राहतो, बस पकडून राहतो, भांडून राहतो, आणि राहत मात्र कुठंच नाही. मी तिला हे सांगितलं तशी तीही हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी किती घाबरले होते, आई! माझ्या आईनं सासूच्या हाताखाली सगळं आयुष्य काढलं. मी ते लहानपणापासून बघितलंय. तुमचा मेसेज ऐकला आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ह्यांना विचारलं, येऊन राहिलो म्हणजे काय? कायमचे येतायत का?"

"मग?" मी अजून हसतच होते.

"तर म्हणाले, 'आईचं काही सांगता येत नाही.' आणि दुसऱ्या दिवशी ही व्हॅन बुक केली. म्हणाले, आधी फिरवून आणू, मग बघू."

माझं हसू थांबलं. ही पोरगी साताऱ्याची, हिला आमची बोली कळली नाही, हिचा काय दोष? पण तो? तो 'काहून' आणि 'मले-तुले' ऐकत वाढला. शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच ओरडायचा, "आई, मी येऊन राहिलो!" आणि पोचायचा दहा मिनिटांनी, कारण मधे चिंचेच्या झाडाखाली पोट्टे जमलेले असायचे. ज्याला 'येऊन राहिलो' कळतं असा त्या अख्ख्या देशात एकच माणूस माझ्या ओळखीचा होता, आणि त्यानं ते बायकोला समजावून सांगितलं नव्हतं. एकोणीस दिवस मी चुकीच्या टेबलावर कागद टाकत होते.

हात पुसून मी खाली उतरले आणि सरळ त्याच्याकडे गेले. तळाच्या खालच्या अंगाला गटाराचं झाकण होतं. तिथं तो रबरी हातमोजे घालून व्हॅनच्या संडासाची पेटी रिकामी करत होता. बोलायला ही काही जागा नव्हती. पण चांगली जागा शोधत बसले असते तर मी बोललेच नसते.

"बायको तुले विचारत होती, 'येऊन राहिलो' म्हणजे काय. तुले तं समजत होतं ना?"

तो वर न पाहता म्हणाला, "समजत होतं."

"मंग तिले काहून नाही सांगतलं?"

त्यानं नळ सोडला. पेटीत पाणी घुसळलं, ओतलं, पुन्हा भरलं. मी हलले नाही.

"आई, वास येऊन राहिला. तू जाय वर."

"मले सवय आहे. सांग."

"काय सांगू? मले वाटलं, खरंच राहायचं असंल तुम्हाले."

"राहायचं असतं तं विचारलं असतं."

"तू विचारत नाही, आई," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "तू कधीच विचारत नाही. समोरच्यानं म्हणावं, असं करतं. चार दिवस राहा, मग अजून चार दिवस राहा. अन् आपण नाही म्हटलं की आपणच वाईट."

"असं कधी केलं मी?"

"मंग बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या काहून आणल्या?"

'आई-बाबा' असं लिहिलेल्या कपाटात पहिल्याच दिवशी त्यानं बॅग ठेवली, तेव्हा त्यानं त्या पाहिल्या असणार. मी म्हटलं, "असू द्याव्या जवळ." पण चोराच्या मनात चांदणं. औषधवाल्यानं नागपुरात हेच विचारलं होतं, काकू, वीस दिवसांसाठी एवढ्या कशाला? त्यालाही मी हेच उत्तर दिलं होतं.

वर मी लिहिलं आहे की मला राहायचं नव्हतं, मी नाहीच म्हटलं असतं. ते खोटं आहे. मला राहायचं होतं. कायमचं नाही, पण तीन महिने. त्यानं सकाळी ऑफिसला जावं, मी मागच्या दारी बसून लिंबाच्या झाडाकडे पाहावं, संध्याकाळी दाराशी त्याच्या चपलांचा आवाज ऐकावा. एवढंच. आणि हे मागायची लाज वाटली, म्हणून मी ते त्याच्या तोंडून काढून घ्यायला गेले होते. सुनेनं माझ्या वाक्याचा चुकीचा अर्थ लावला, तोच खरा होता. आणि मुलाला दोन्ही अर्थ कळत होते.

पण एवढं कळणाऱ्या माणसानं एकदा तोंड उघडून 'नाही' म्हणायला हवं होतं. आई, आमचं आमचं चाललं आहे, वीस दिवस घरी या आणि जा, असं म्हणाला असता तर मी चार दिवस रडले असते आणि गेले असते. त्याला ती हिंमत झाली नाही. त्यानं आम्हांला डोंगर दाखवले, तळी दाखवली, गुडघे गेलेल्या बापाला रोज टेबलावर झोपवलं, आणि आपल्या दारापासून लांब लांब फिरवत ठेवलं. वर ते बायकोच्या नावावर जमा होऊ दिलं. हे मी त्याला बोलले नाही. मी म्हटलं, "पेटी नीट धू," आणि वर आले.

गाडी परत घेणाऱ्या आवारात एका तरुण मुलीनं आत जाऊन चमचे मोजले, शेगडी पाहिली, फळी पाहिली. उन्हानं डाग पुष्कळ उडाला होता. तिनं हसून विचारलं, सहल कशी झाली? हे म्हणाले, "व्हेरी नाइस." सुनेनं माझ्या चादरींची घडी घालून छातीशी धरली होती. "या मी आपल्या पलंगावर घालणार," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून एकदम बोलली, "आपण यांना घरी नेऊन आणू या ना. अर्धा तास तरी."

त्यानं घड्याळ पाहिलं. "जायलाच दीड तास लागतो. पुढच्या वेळी नेऊ."

चादरी घरी गेल्या, आम्ही नाही.

सुनेशी मी मनातून फार वाईट वागले होते, ते तिला कळलेलंही नाही. टॅक्सीत ती माझा हात धरून बसली होती आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता, कारण इतक्या दिवसांच्या शिव्या त्याच हाताला घातल्या होत्या. तिची माफी मागायला हवी होती. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, गोड शिरा करायची आहे, आणि शेगडी तर परत करून झाली होती.

विमानतळावर रांग लहान होती. आमच्या दोन्ही बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या, रबरी पडद्यामागे दिसेनाशा झाल्या. बॅगांच्या पावत्या यांच्याकडे दिल्या. आम्ही चौघं बाजूला येऊन उभे राहिलो. आता पाया पडणं, डोळे पुसणं, एवढंच उरलं होतं. आणि तेव्हा मुलगा म्हणाला,

"आई, तिकीट पुढं ढकलू का? राहता का महिनाभर?"

बैल गेला आणि झोपा केला. पंगत उठल्यावर, पाहुण्यानं चपला घातल्यावर, "अजून एक पोळी?" म्हणत येणारे लोक मी खूप पाहिले आहेत. त्यांना पाहुण्याचं उत्तर माहीत असतं. त्यालाही माझं माहीत होतं. सकाळचं बोलणं पुसून टाकायचं होतं, आईला तिचा शब्द द्यायचा होता, आणि तो देण्यात आता काही धोका नव्हता. दोन वर्षं ज्या शब्दाची मी वाट पाहिली, तो त्यानं असा, बॅगा आत गेल्यावर, माझ्या हातावर ठेवला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हो. राहतो."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हसू आणायला गेला, ते अर्ध्यावर अडलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती बिचारी "हो, राहा ना आई, खरंच राहा," म्हणत होती. तिची भीती सकाळीच संपली होती. भीती त्याच्या चेहऱ्यावर होती, आणि ती लपवायला त्याला वेळ मिळाला नव्हता. मी त्याला जन्म दिला आहे, त्याचे सगळे चेहरे मला पाठ आहेत. शाळेत नापास झाला तेव्हाचा, बापाच्या स्कूटरचा आरसा फोडला तेव्हाचा. हा त्यातलाच होता. मला जे पाहायचं होतं, ते मी पाहिलं. आता हे सोडून द्यायचं, म्हणून मी यांच्याकडे वळले.

हे माझ्या शेजारी नव्हते.

ते काउंटरपाशी पोचले होते. एकोणीस दिवस दोन पायऱ्यांसाठी हात मागणारा हा माणूस एवढ्या वेळात तिथवर गेला होता, कुणाचाही हात न धरता. बॅगांच्या पावत्या त्यांनी काउंटरवर ठेवल्या होत्या आणि शाळेत शिकवताना यायचा तसल्या मोठ्या, स्वच्छ आवाजात ते तिथल्या मुलीला सांगत होते, "मॅडम, अवर बॅग्ज, प्लीज. वुई आर स्टेइंग."

काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. मुलगाही पाहत होता. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि यांना काही हवं आहे हे मी पहिल्यांदा पाहत होते. तेही त्यांच्या पाठीवरून.

मी हाक मारली. "अहो, या इकडं."

ते वळले. चेहरा इतका मोकळा होता की मला पुढचं बोलवेना. पण बोलायला हवं होतं.

"मजाक केली मी."

"मजाक?"

"हो. चला, उशीर होऊन राहिला."

त्यांनी पावत्या उचलल्या, नीट घडी करून खिशात ठेवल्या. "सॉरी, मॅडम," म्हणाले. परत येताना ते नेहमीसारखे सावकाश आले, आणि शेवटची चार पावलं मुलाचा हात धरून. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही पण ना!" आणि हसला. सुटल्याचं हसू होतं ते.

त्यावर आम्ही दोघं आजवर बोललेलो नाही. विमानात नाही, दिल्लीला चार तास बसलो तिथं नाही, नागपूरला रिक्षात नाही. घरी आलो, कुलूप काढलं, केर काढला, शेजारणीला चॉकलेटं दिली. त्याच गोळ्या अजून चालू आहेत. कॉलनीतल्या बायका विचारतात आणि मी खोली वेगळी होती म्हणून सांगते. हे तिथं असले तर ऐकून घेतात. खोडून काढत नाहीत.

गेल्या रविवारी मुलाचा फोन आला. आम्ही दोघं सोफ्यावर, फोन मधे उभा केलेला. त्याच्या मागे पलंगावर माझी चादर दिसत होती, सुनेनं शब्द पाळला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "आई, त्या दिवशी एअरपोर्टवर तू खरंच मजाक केली होती ना? मले तं घामच फुटला होता!"

"मजाकच होती गा," मी म्हटलं. "आम्हाले कुठं राहायचं होतं?"

तो हसला. मीही हसले. शेजारी हे उठले. "मोटर बंद करून येतो," म्हणाले आणि मागच्या दारानं अंगणात गेले. त्या दिवशी आमच्या भागात नळच आले नव्हते. मोटर कुणी लावलेलीच नव्हती.